एलटीस्पाइसमध्ये मॉसफेट सॅच्युरेशनमध्ये आहे की ट्रायोडमध्ये, हे सॉफ्टवेअर थेट सांगतं का?

एलटीस्पाइस (सर्किट संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, म्हणजे सिम्युलेटर) थेट सांगत नाही, आणि सांगत नाही तेच बरं आहे. सॅच्युरेशनमध्ये मॉसफेट करंट सोर्ससारखा वागतो, ट्रायोडमध्ये रेझिस्टरसारखा.

डॉट-ऑप (सर्किट स्थिर असतानाचे व्होल्टेज आणि करंट काढणारी आज्ञा) चालवा, कंट्रोल-एल दाबून लॉग उघडा. प्रत्येक मॉसफेटखाली आयडी, व्हीजीएस, व्हीडीएस, व्हीटीएच, व्हीडीसॅट, जीएम, जीडीएस अशी उतरंड दिसेल. आयडी म्हणजे ड्रेनचा करंट, व्हीजीएस गेट-सोर्समधलं व्होल्टेज, व्हीडीएस ड्रेन-सोर्समधलं, व्हीटीएच ट्रान्झिस्टर सुरू व्हायला लागणारं व्हीजीएस, व्हीडीसॅट सॅच्युरेशनला लागणारं किमान व्हीडीएस; जीएम आणि जीडीएस म्हणजे व्हीजीएस आणि व्हीडीएस हलवल्यावर करंट किती हलतो ते. व्हीडीएस व्हीडीसॅटपेक्षा मोठं असेल तर सॅच्युरेशन, नाहीतर ट्रायोड. पीमॉसला (एनमॉसच्या उलट ध्रुवाच्या मॉसफेटला) आकडे उणे येतात, तिथे चिन्ह सोडून तुलना करायची. झालं तुमचं उत्तर.

पण ते ‘थेट सांगतं का’ वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

चिप डिझाइनच्या कंपन्यांत जो स्पेक्टर सिम्युलेटर असतो तो थेट सांगतो. ऑपरेटिंग पॉइंट छापला की प्रत्येक ट्रान्झिस्टरसमोर ‘रीजन’ म्हणून एक आकडा येतो. ० म्हणजे बंद, १ ट्रायोड, २ सॅच्युरेशन, ३ सबथ्रेशोल्ड (व्हीटीएचच्या खाली, अगदी कमी करंटवर), ४ ब्रेकडाउन. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं. पस्तीस मार्कवालाही उत्तीर्ण आणि पंच्याण्णववालाही उत्तीर्ण.

पुण्यातली माझी पहिली नोकरी, ट्रेनी होतो. १.८ व्होल्टवरचा दोन स्टेजचा ऑपॲम्प (ॲम्प्लिफायर), एनमॉस इनपुट जोडी, खाली त्या जोडीला ठरलेला करंट देणारा टेल ट्रान्झिस्टर. पुस्तकात असतो तसाच. रिव्ह्यूला आमच्या लीडनी स्किमॅटिकचा मोठा प्रिंट काढून आणला होता आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरशेजारच्या ‘२’ वर हिरव्या हायलायटरने टिक करत चालले होते. टेलपाशी मी पेन्सिलने १४ लिहून ठेवलं होतं.

“हे काय?”

“सर, टेलला १४ मिलिव्होल्टच उरतायत. व्हीडीएस १७०, व्हीडीसॅट १५६.”

“रीजन किती दाखवतोय?”

“दोन.”

“गेन?”

“६८ डीबी.”

“फेज मार्जिन?”

“६२.”

“मग रडतोस कशाला? कॉलेजचा अभ्यास आता घरी ठेवून येत जा.” खोलीत हशा. हिरवी टिक माझ्या १४ वरूनच गेली.

आता गंमत बघा. इनपुटचा गेट ०.९ व्होल्टवर बांधलेला. त्यातून इनपुट ट्रान्झिस्टरचं व्हीजीएस गेलं की उरलंसुरलं टेलच्या वाट्याला. इनपुट जोडीचा सोर्स ग्राउंडला नाही, त्यामुळे बॉडी इफेक्टने व्हीटीएच आधीच फुगवलेलं असतं. त्यात व्हीटीएच तापमानाबरोबर अंशाला साधारण १ मिलिव्होल्ट हलतं. २७ अंशांवरून उणे ४० वर गेलात की ६७ अंश, म्हणजे साठेक मिलिव्होल्ट तिथेच गेले. स्लो कॉर्नर (फॅबमधून ट्रान्झिस्टर मंद निघाल्याची टोकाची स्थिती) असेल तर आणखी काही. १४ मिलिव्होल्टचं काय होणार? टेल सरळ ट्रायोडमध्ये.

आणि गेन? गेनला फारसा धक्का लागत नाही! करंट कमी होतो, पण इनपुट जोडी आणि लोड दोघंही सॅच्युरेशनमध्येच असतात, त्यामुळे डीसी गेन टिकून राहतो, कधीकधी थोडा वाढतोसुद्धा. मार खातो तो सीएमआरआर (दोन्ही इनपुटवर सारखाच आलेला सिग्नल दाबायची क्षमता), कारण टेल आता करंट सोर्स नसतो, नुसता रेझिस्टर असतो. सोबत बँडविड्थ आणि स्ल्यू रेटही (आउटपुट किती वेगाने बदलू शकतं ते) घसरतात. म्हणून ‘गेन आला ना’ हे रीजन तपासल्याचा पुरावा म्हणून कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं.

चिप फॅबमधून आली. टेबलावर छान चालली. थर्मल चेंबरमध्ये उणे ४० ला नेली आणि सीएमआरआर कोसळला. लीडचा निकाल दहा मिनिटांत तयार: “फाउंड्रीची मॉडेलं थंडीत चुकीची आहेत.” मॉडेल चुकीची नव्हती. तोच कॉर्नर सिम्युलेटरवर चालवला, टेलचा व्हीडीएस ८५ आणि रीजन १. मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. गेल्या वर्षी एका लग्नात भेटले तेव्हाही, मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन, मॉडेलच चुकीची होती असं मला ऐकवून गेले.

तेव्हा तुम्ही त्या रीजनच्या आकड्याच्या नादी लागू नका. व्हीडीएस वजा व्हीडीसॅट किती उरतं ते बघा. मी नॉमिनलला १०० आणि सगळ्यात वाईट कॉर्नरला ५० मिलिव्होल्ट धरतो. व्हीडीसॅट सिम्युलेटरने छापलेलंच घ्या, व्हीजीएसमधून व्हीटीएच वजा करून स्वतः काढू नका. ते लेव्हल-१ या साध्या मॉडेलला आणि कॉलेजच्या पेपरला ठीक आहे, बीसिमच्या (खऱ्या चिपसाठी वापरतात त्या) मॉडेलांत दोन्ही आकडे जुळत नाहीत. शंका आली तर जीएम भागिले जीडीएस करा. तेवढ्याच लेंथचा शेजारचा ट्रान्झिस्टर ४० देत असताना हा ८ देत असेल, तर रीजनसमोर काहीही छापून येवो, तो गेलेला आहे.

काही गोष्टी राहिल्या. डॉट-ऑप फक्त सर्किट निवांत बसलेलं असतानाचं सांगतो. आउटपुट वरखाली व्हायला लागलं की शेवटच्या स्टेजचे ट्रान्झिस्टर टोकांना ट्रायोडमध्ये शिरतात, ते ट्रान्झिएंटमध्ये व्हीडीएस प्लॉट करूनच दिसतं. स्विच म्हणून लावलेला ट्रान्झिस्टर ट्रायोडमध्येच हवा, त्याला उगाच सॅच्युरेशनमध्ये ढकलत बसू नका. लो-पॉवरवाले मुद्दाम सबथ्रेशोल्डमध्ये चालवतात, तिथे ३ आला म्हणून घाबरायचं नाही, शंभरेक मिलिव्होल्ट व्हीडीएस मिळालं की पुरतं. माझे १०० आणि ५० हे आकडेही १ व्होल्टच्या सप्लायवर परवडणार नाहीत. आणि बीजेटी (बायपोलर ट्रान्झिस्टर) असेल तर शब्दच उलटे: बीजेटीचं सॅच्युरेशन म्हणजे मॉसफेटचं ट्रायोड. व्हायव्हाला याच एका प्रश्नावर आमची निम्मी बॅच गार झाली होती.

आणि एक. टेपआउटच्या (डिझाइन फॅबला पाठवण्याच्या) आदल्या आठवड्यात कॉर्नरचे रन मीच लावत होतो. लायसन्स कमी, रन संपेनात, म्हणून सीएमआरआरचा टेस्टबेंच मी नुसत्या टीटी (टिपिकल, म्हणजे सरासरी ट्रान्झिस्टरच्या) कॉर्नरला २७ अंशांवर ठेवला आणि बाकीच्या कॉर्नरमधून काढून टाकला. हे लीडना अजून माहीत नाही.