तीन महिन्यांचं मांजराचं पिल्लू सारखं खायला मागतं. दोन वेळा दूध-पोळी देतो, तरी मागे मागे ओरडत फिरतं. हावरट आहे का? किती द्यावं?

हावरट नाही, उपाशी आहे. दूध-पोळीनं पोट तेवढं भरतं. मांजर मुळात मांसाहारी, त्यामुळे पोळीतून त्याला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. टॉरिन हा मांजराला लागणारा पोषक घटक तर जवळजवळ फक्त प्राणिज अन्नातच असतो. तो कमी पडला की पुढे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक पिल्लांना गाई-म्हशीचं दूध नीट पचत नाही, मग पातळ शी होते आणि भूक आणखी वाढते. दूध बंद करा, पाणी ठेवा.

या वयात वजन साधारण 1.3 ते 1.4 किलो हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करा, त्यात पिल्लू बसवा. दर रविवारी आकडा लिहा. आठवड्याला 100 ग्रॅमच्या आसपास वाढ होत असेल तर खाणं पुरतंय. दोन आठवडे काटा हलला नाही, तर पिल्लू कितीही खात असो, काहीतरी चुकतंय.

1.4 किलोच्या पिल्लाला दिवसाला सुमारे 220 कॅलरी लागतात. म्हणजे किलोमागे मोठ्या मांजराच्या जवळजवळ तिप्पट, आणि पोट मात्र अक्रोडाएवढं! म्हणून चार वेळा द्या. सहा महिन्यांनंतर दोन-तीन वेळा चालतं. पाकिटावर 'किटन' लिहिलेलं ड्राय फूड दिवसभरात 55 ग्रॅम, किंवा 35 ग्रॅम ड्राय आणि ओल्या किटन फूडचा 85 ग्रॅमचा एक पाऊच. कॅलरी ब्रँडनुसार बदलतात, पाकिटावरचा तक्ता बघा. नवं खाणं सात दिवसांत हळूहळू वाढवत न्या, एकदम बदललंत की जुलाब ठरलेले. कुत्र्याचं खाणं नको.

घरचंच द्यायचं तर उकडलेलं चिकन चालेल, मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता. पण नुसतं चिकन रोज नको. त्यात कॅल्शियम नगण्य असतं आणि वाढत्या वयात हाडं इतकी कमजोर होतात की साध्या उडीनं पाय मोडतो. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढं, वरखाऊ म्हणून द्या.

भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला टोचतो आणि पोट नगाऱ्यासारखं असतं? मग जंत धरून चाला. कधी कधी शीमध्ये किंवा उलटीत शेवयांसारखे दिसतात. औषधाचा डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. एका डोसवर थांबू नका: औषध आतड्यातले जंत मारतं, शरीरात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात येतात. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडू लागतात, तेव्हा पिल्लू दाणे तोंडात घेऊन टाकून देतं. ते कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. फ्रिजमधला पाऊचही कोमट करून द्या, गार अन्नाला वास येत नाही आणि मांजर वासावर खातं. एवढं करूनही दिवसभर तोंड लावलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.