कथा-कादंबरी लिहिताना टॅरो कार्डांचा उपयोग होतो का? ही अंधश्रद्धा नाही का?

होतो. खुशाल वापरा. तुम्ही लिहिलंय की कथा दर वेळी तिसऱ्या-चौथ्या पानावर अडते, कुणीतरी टॅरो सुचवलं, पण घरचे आणि लिहिणारे मित्र 'हे काय भलतंच' म्हणतात. अंधश्रद्धेचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो सगळ्यात सोपा आहे.

टॅरो मुळात पत्त्यांचा डाव. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत ही पानं रंगवली गेली ती खेळण्यासाठी. चार रंगांच्या ५६ पानांना २२ चित्रांची पानं जोडली. त्यातली २१ हुकुमाची आणि एक 'फूल' (इंग्रजी Fool, म्हणजे वेडा किंवा विदूषक), त्याचा नियम वेगळा. फ्रान्समध्ये आजही लोक हा डाव खेळतात. भविष्याशी या पानांचं नाव जोडलं गेलं ते अठराव्या शतकात. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी कसलाही पुरावा न देता लिहून टाकलं की यात प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलंय, आणि तिथून हे खूळ फोफावलं. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं लोक नुसते पत्ते पिसत होते. तुम्हीही पिसा. भविष्य विचारायची सक्ती नाही.

कॅट कोणता घ्यावा? १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला, ज्याला सगळे रायडर-वेट म्हणतात तो. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईची. नाव प्रकाशकाचं आणि वेटचं लागलं, चित्रं काढणारीचं कित्येक दशकं कुणी घेतलं नाही. काम फार मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिने स्वतः पत्रात कळवलं होतं. मला हे फार लागतं, म्हणून मी त्या कॅटला तिच्याच नावाने ओळखते. ती नाटकांचं नेपथ्य आणि वेशभूषा करायची, जमैकातल्या लोककथा रंगवून सांगायची. जुन्या बहुतेक कॅटांत साध्या पानांवर नुसत्या तलवारी नि पेले मोजून मांडलेले असतात. हिने त्यातल्या बहुतेक पानांवरही माणसं उभी केली, आणि असं प्रत्येक पान चालू प्रवेशात मध्येच थांबवलेल्या नाटकासारखं दिसतं. लिहिणाऱ्याला याहून काय हवं? पानांचे अर्थ सांगणारं पुस्तक मात्र विकत घेऊ नका. घेतलंच असेल तर कपाटात ठेवा.

आता माझं सांगते. एक कथा अडली होती, वाटणीची. आई गेलीय, तेरावं आटोपलंय, घरात दोन भाऊ आणि विधवा बहीण. आईचे दागिने कपाटात. धाकटा कर्जबाजारी, उडाणटप्पू. तो रात्री दागिने घेऊन पळणार हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं आणि वाचकालाही कळलं असतं. पुढे थोरला संतापणार, बहीण डोळे पुसणार, शेवटी 'आई असती तर' वगैरे. असला शेवट मराठीत इतक्यांदा लिहून झालाय की माझा हातच उचलेना.

पान ओढलं. सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स. एक माणूस चवड्यांवर छावणीतून निसटतोय. कवेत पाच तलवारी, मान मागे वळलेली. मागे दोन तलवारी जमिनीत रोवलेल्या तशाच. रूढ अर्थ म्हणाल तर चोरी, लबाडी. त्याचा मला काय उपयोग? चोर तर माझ्याकडे आधीच होता. पण त्या दोन तलवारींवरून नजर हलेना. या का नाही नेल्या? हात पुरले नाहीत, की मुद्दाम ठेवल्या?

मग धाकट्याने काय ठेवलं असेल? पाटल्या. मोहनमाळ, बांगड्या, वाकी, सगळं उचललं आणि आईच्या दोन पाटल्या तांदळाच्या डब्यात खुपसून गेला. पाटल्याच का? कारण शेवटच्या आजारपणात आई कधीतरी बोलली असणार की पाटल्या हिच्या. थोरला नोकरीत गुंतलेला, बहीण दिवसभर राबून रात्री पडल्या पडल्या झोपायची. उशाशी जागायचा तो धाकटा. आईचं शेवटचं मागणं ऐकलेला त्या घरातला एकच माणूस, आणि तोच चोर. भात लावायला बहीण डबा उघडते, तिचा हात तळाशी लागतो, तिला सगळं उमगतं. पण थोरल्याला ती अवाक्षर सांगत नाही. सांगितलं असतं तर पाटल्यांचीही वाटणी झाली असती. कथा पुरी व्हायला पुढे बराच वेळ गेला, दोनदा मुळापासून लिहिली, पण त्या रात्रीनंतर ती कुठे जाणार याची काळजी उरली नाही.

ही कथा मी लिहिणाऱ्यांच्या एका गटात वाचली. तिथल्या एका ज्येष्ठ लेखकांना पाटल्यांची जागा फार आवडली. "हे अनुभवातून आलेलं आहे, अशी जागा बसून सुचत नाही," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी आनंदाने सांगितलं की टॅरोच्या पानावरून सुचली. त्यांचा सूर तिथल्या तिथे बदलला. "पत्ते पिसून साहित्य होत नसतं. अनुभव तोकडा पडला की माणूस असल्या कुबड्या शोधतो." कथेतला एक शब्दही बदलला नव्हता, तरी अस्सल असलेली जागा दोन मिनिटांत खोटी ठरली. त्यावर मला तेव्हा नीट बोलू दिलं गेलं नाही, म्हणून इथे बोलते.

पानावर काय होतं? परदेशी तंबू आणि तलवारी. पाटल्या नव्हत्या, तांदूळ नव्हते, आजारी बाई नव्हती. माझी मावशी सोन्याची पुडी तांदळात ठेवायची, हे मी लहानपणी पाहिलेलं. आजारी माणसाजवळच्या जागरणात कोण बसतं आणि कोण नुसतं चौकशी करून जातं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. अनुभव माझाच होता. त्याला कुणी हटकलं नव्हतं, पानाने हटकलं. अनुभव कमी आहे म्हणून फार थोड्या कथा मरतात. बहुतेक मरतात त्या सवयीने, जे पहिलं सुचतं तेच खरं धरल्यामुळे. दर वेळी तेच तीन शेवट लिहिणाऱ्यांचे अनुभव काय कमी असतात?

आणि खरा लेखक असलं काही करत नाही, हे तर साफ चूक. इटालियन कादंबरीकार इटालो काल्विनोचं 'द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज' हे पुस्तक १९७३ सालचं. त्यातल्या वाटसरूंची वाचा गेलीय आणि ते टॅरोची पानं मांडून आपापली हकिगत सांगतात. एकाच्या हकिगतीतलं पान दुसऱ्याच्या हकिगतीत वेगळंच काही होऊन बसतं. काल्विनोला कुबड्या लागत होत्या असं कुणी म्हणून दाखवावं.

सुरुवात कशी करायची म्हणाल तर अडल्यावर एकच पान ओढा. नकोसं आलं म्हणून बदलू नका, नकोसंच कामाचं असतं. या क्षणाच्या आधी काय घडलं आणि चौकटीबाहेर कोण उभं आहे, हे स्वतःला विचारा. आख्खं कथानक पानांतून काढायला जाऊ नका, नुसते योगायोग हाती लागतात. ऐतिहासिक कादंबरीत घटनांना हात लावता येत नाही, तिथे फार तर पात्रांच्या मनासाठी पान ओढा. मनोरे, सरदार, राण्या कथेत जशाच्या तशा येऊ देऊ नका. आपलं म्हणून मी सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे तिथले हाताने रंगवलेले पत्ते, हीही वापरून पाहिली. दशावतारी कॅट १२० पानांचा, गोल, रंगकाम असं की ठेवून द्यावं. पण राजा आणि प्रधान सोडले की बाकी पानांवर त्या त्या अवताराची चिन्हंच मोजलेली, माणसांत काही घडताना दिसत नाही. डावासाठी उत्तम, या कामाला नाही. आणि हो, पानांना स्वतःच्या लग्नाचं, नोकरीचं विचारायचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांनी कॅट घरात आणूच नये.

मित्रांना पानाबद्दल सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण कथा आधी वाचू द्या, त्यांचं मत पुरतं ऐकून घ्या, आणि मगच सांगा. मी लपवत नाही. ती कथा दिवाळी अंकात आली तेव्हा सोबतच्या टिपणात मी पानाचं नाव लिहून दिलं होतं, चित्रकर्तीच्या नावासकट. संपादकांनी दोन्ही छापली.