तीन फुटी फिश टँकच्या मागच्या बाजूला खऱ्या दगडांची भिंत करायची आहे. दगड थेट काचेला चिकटवले तर चालतील का?

नका चिकटवू. मी चिकटवले होते, म्हणून सांगतोय. दिसायला झकास दिसत होतं. तीन-चार महिन्यांनी रात्री ठक्क आवाज झाला आणि सकाळी बघतो तर मुठीएवढा दगड वाळूत पडलेला. काच वाचली हे नशीब. बाकीचे काढायला गेलो तर ते मात्र निघेनात. टँक रिकामा करून दोन दिवस ब्लेडने सिलिकॉन खरवडत बसलो. चूक माझीच होती. दगड नुसते पुसले होते, घासून धुतले नव्हते. सिलिकॉन भुकटीला चिकटलं, दगडाला नाही.

आता मी भिंत टँकच्या बाहेर बनवतो. पीव्हीसी फोमशीट (सनबोर्ड म्हणून मिळतं ते) घ्यायचं, आडवं ठेवायचं आणि त्यावर दगड लावायचे. शीट कापायच्या आधी टँकच्या वरच्या आडव्या काचपट्ट्या मोजा. माझी अख्खी भिंत त्यांतून आत जाईना, म्हणून दोन तुकड्यांत केली. जोडावर एखादी कपची पुढे आलेली ठेवली की फट दिसत नाही.

दगड म्हणाल तर आपला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. पाटे-वरवंटे घडवणाऱ्यांकडे छिन्नीने उडालेल्या कपच्यांचा ढीग असतो. मागितल्या तर बहुतेक वेळा तशाच देतात. पातळ कपच्याच घ्या. 36 इंच बाय 18 इंचाच्या भिंतीवर सरासरी 2 सेंटिमीटर जाडीचा बसाल्ट लावला तरी वजन 24 किलोच्या आसपास जातं. आणि कडा बघा, ताज्या फुटलेल्या कपचीने माझं बोट कापलंय, माशाचं काय होईल? दोन कपच्या एकमेकींवर घासून धार मारून टाका.

शहाबाद आणि कडप्पा नको. दोन्ही चुनखडीचे, पाणी हळूहळू जड करतात. आफ्रिकन सिक्लिड माशांना ते आवडेल, टेट्रा माशांना नाही. बसाल्टच्या पोकळ्यांतही कधी कधी पांढरं कॅल्साइट असतं, म्हणजे चुनखडीतलंच खनिज. शंका आली तर गच्चीवर, हातमोजे घालून, एका तुकड्यावर बाथरूमच्या अ‍ॅसिडचा थेंब टाका. फसफसलं तर तसल्या कपच्या बाद, आणि तपासलेला तुकडा काही झालं तरी टँकमध्ये नाही. (पुण्याजवळच्या वाघोलीकडच्या खाणीतला दगड असेल आणि पोकळीत गडद निळे स्फटिक दिसले तर तो बाजूला ठेवा. ते कॅव्हनसाइट असू शकतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. त्यात व्हॅनेडियम असतं, माशांजवळ नको.)

धुताना साबण नाही, नुसता ताठ ब्रश आणि पाणी. दगड उकळूही नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तडकतात. मग दोन दिवस कडक उन्हात.

सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचंच घ्या. बाथरूमच्या फटींसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना विषारी. खालच्या ओळीपासून सुरुवात करा, वरची कपची खालचीवर टेकू द्या, म्हणजे सगळा भार सिलिकॉनवर येत नाही. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. मी आठवडाभर थांबतो, घरचे वैतागतात.

बसवताना वाळूच्या आधी, खाली फोमची पट्टी ठेवून त्यावर भिंत उभी करा. वर काचपट्टीला सिलिकॉनचे दोन-तीन ठिपके द्या, नाहीतर ती पुढच्या काचेवर कलंडेल. काढायची झाली तर ठिपके ब्लेडने कापले की सुटते.

भिंत आणि मागच्या काचेत मी 5 सेंटिमीटर जागा सोडतो. हीटर आणि फिल्टरचा पंप तिथे लपतो. पण एका टोकाला खाली पाणी आत यायला भोक हवं आणि पंपाचा पाइप दुसऱ्या टोकाला पुढे काढायला हवा, म्हणजे मागचं पाणी साचून राहत नाही. त्या भोकाला प्लास्टिकची बारीक जाळी लावा. मी लावली नव्हती. एक गप्पी मागे गेली, मेली, आणि पाण्याला वास सुटेपर्यंत मला पत्ता नाही.

सुरुवातीचे काही आठवडे दगडांवर तपकिरी थर येईल. तो डायटम शेवाळाचा, नव्या टँकमध्ये येतोच. बहुतेक वेळा आपोआप जातो. तेवढ्यासाठी भिंत बाहेर काढू नका.