कान पुढे गेला, हात मागे राहिला

लहानपणी शिकलेलं वाद्य पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं, पण या वयात जमेल का, शिक्षकांसमोर हसं तर होणार नाही ना? ही काळजी माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत बहुतेक वेळा दुसऱ्याच तक्रारीच्या आडून येते. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. बोलता बोलता कळलं, झोप उडायची ती सतारीच्या क्लासच्या आदल्या रात्री.

शाळेत असताना त्या सतार शिकल्या होत्या, चांगली वाजवायच्या. पुढे नोकरी, संसार, घरातली आजारपणं, आणि सतार गवसणीतच राहिली. आता पुन्हा शिकायला लागल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी ठरवून टाकलं होतं, ‘माझ्यातलं संगीत संपलं.’

नेमकं काय बिघडतं, असं मी विचारलं. मींड घेताना, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना, ती पुरती ओढली जात नाही, स्वर किंचित खाली राहतो. ‘दिर’ या बोलाचे लागोपाठचे दोन झटपट आघात सारखे पडत नाहीत. लय हळूच पुढे पळते. त्या सांगत होत्या आणि मला उलटंच दिसत होतं. एवढं बारीक ज्याला ऐकू येतं, त्याचं संगीत संपलेलं कसं असेल? इतकी वर्षं त्या मन लावून ऐकत आल्या होत्या. कान तयार झाला होता, हात मात्र होता तिथेच थांबला होता. लहान मुलाचे कान आणि हात बरोबरीने वाढतात, म्हणून स्वतःचं कच्चं वाजवणंही त्याला आवडतं. मोठ्या माणसाला पहिल्या दिवसापासून स्वतःची प्रत्येक चूक ऐकू येते, आणि ही जाण त्याला नालायकीचा पुरावा वाटते. पुन्हा शिकणाऱ्या कितीतरी जणांची लाज इथूनच येते, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गाठ जुनी होती. त्यांचे पहिले गुरुजी चुकलं की बोटांवर मारायचे. आताचे शिक्षक वयाने लहान, शांत स्वभावाचे. पण ते गप्प राहिले की बाईंना वाटायचं, वैतागले असणार. मी म्हटलं, ‘अंदाज बांधू नका, त्यांनाच विचारा.’ विचारायला त्यांना बरेच दिवस लागले. शिक्षक म्हणाले, ‘मध्येच टोकलं तर हाताचा ओघ तुटतो. तुम्ही सावरताय का ते मी बघत असतो.’ त्या शांततेला त्या इतके दिवस घाबरत होत्या!

मात्र शिक्षकाने धीर धरला तरी विद्यार्थ्याने स्वतःशी धरायला हवा, आणि तिथे खरं काम होतं. त्या सुट्टीच्या दिवशी बोटं सोलवटेपर्यंत बसायच्या आणि मग आठवडाभर सतारीकडे बघायच्याही नाहीत. बोटांवरचे घट्टे वाजवणं सुटलं की जातात आणि परत यायला काही आठवडे घेतात. ती कातडीची गोष्ट आहे, तिथे जिद्द चालत नाही. आम्ही रोजचा थोडा वेळ ठरवला, दुखायच्या आत उठायचं. शिक्षकांनीही मींड बाजूला ठेवून साधे पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, दिल्या. मांडी घालून गुडघे दुखत होते, तर खुर्चीवर बसायला सांगितलं.

विसरलेलं सगळं पुसलं जातं असंही नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेली पण आठवेनाशी झालेली निरर्थक अक्षरंसुद्धा दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागत होता. त्याचे प्रयोग अक्षरांचे होते, पण हातांच्या बाबतीतही हेच दिसतं. बाईंची बोटं सतारीच्या दांडीवरच्या काही पडद्यांवर न बघता जाऊ लागली, तेव्हा त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

क्लासच्या आदल्या रात्री त्यांना अजून कधीकधी जाग येते. पण दिवस वाईट गेला असेल तर आता त्या आत शिरतानाच शिक्षकांना सांगतात, आणि त्या दिवशी नवं काही घेतलं जात नाही. तुमच्या शिक्षकांना असं सांगता येत नसेल, किंवा ते लहान मुलांशी तुलना करून हिणवत असतील, तर शिक्षक बदला. वाद्य सोडू नका.