खारीचा वाटा

"मुलीला आधी काहीच न सांगता कुत्री दुसऱ्या घरी दिली, तर ती साधारण किती दिवसांत विसरेल?"

न्यू जर्सीत भारतीय कुटुंबांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे. कधी नव्या घरमालकाला जनावर चालत नसते, कधी धाकट्या बाळाला ॲलर्जी निघते, कधी घटस्फोटानंतर दोन्ही घरे लहान पडतात. या वेळी कारण नोकरीचे होते. वडिलांची नोकरी सुटणार हे आधीच कळले होते. ती सुटल्यावर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला मिळणारी जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत सुरू झाली आणि पुण्याला परतायचे ठरले. (हा अनुभव कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत.)

सई नऊ वर्षांची होती आणि खारी बारा वर्षांची. खारी ही बीगल आणि आणखी कशाकशाचे मिश्रण असलेली कुत्री सात वर्षांपूर्वी प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आली, तेव्हा सईची आजी चहात खारी बुडवून खात बसली होती. रंग जुळला आणि नाव पडले. खारीचे हृदय आता कमकुवत झाले होते आणि एवढा लांबचा विमानप्रवास तिला झेपणार नाही, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले होते. तेव्हा सई मैत्रिणीकडे मुक्कामाला गेली की खारीला पेनसिल्व्हेनियातल्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे पोचवायचे आणि 'ती शेतावर मजेत आहे' असे सांगायचे, असा आईवडिलांचा बेत होता. दूरचे शेत ही अमेरिकन आईबापांची ठरलेली थाप आहे. आपल्याकडे ज्या प्रसंगी जनावर 'मामाच्या गावाला' जाते, त्या प्रसंगी इकडे ते शेतावर जाते.

बेताच्या समर्थनार्थ आईने आणखी एक गोष्ट सांगितली. खारीला सकाळ-संध्याकाळ खाऊ घालणे हे सईचे काम होते, पण गेल्या महिनाभरात कुत्री वाळली होती आणि एरवी तीन आठवड्यांत संपणारी खाण्याची पिशवी अजून अर्धी होती. "तिचा जीव उडालाच आहे खारीवरून. मग आता सांगून तिला रडवायचं कशाला?"

वडिलांचे म्हणणे अधिक परखड होते. "ताई, आमच्या वाड्यातही कुत्रा असायचा. तो दारात झोपायचा, गेला तर गेला. कुत्र्याला घरातलं माणूस समजणं हे अमेरिकन फॅड आहे."

मी त्यांना म्हटले की त्यांचे निम्मे बरोबर आहे: ही गोष्ट अमेरिकेत रुजलेली आहे खरी, पण ती आजकालची नाही आणि आपोआप रुजलेलीही नाही. लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांनी 1831 मध्येच आयांना उपदेश केला होता की प्राण्यांशी मायेने वागायला मुलांना घरातच शिकवावे. प्राण्यांच्या छळाविरुद्ध झटणाऱ्या बॉस्टनच्या जॉर्ज एंजेल यांनी थॉमस टिमिन्स या धर्मोपदेशकाच्या साथीने 1882 मध्ये 'बँड ऑफ मर्सी' या नावाने मुलांची मंडळे सुरू केली, आणि निरुपद्रवी प्राण्यांशी दयेने वागण्याची व त्यांना छळापासून वाचवण्याची शपथ त्यांत मुले घेत असत. या साऱ्या खटाटोपात कुत्र्यामांजरांइतकीच काळजी मुलांची होती. मुक्या जीवाला दगड मारणारा मुलगा मोठेपणी माणसांशीही तसाच वागेल, ही भीती त्यामागे होती. खारीला वेळेवर वाढण्याचे काम सईकडे देताना आईवडिलांनी, नकळत का होईना, हाच जुना अमेरिकन धडा गिरवला होता. पुढे अंगणातला प्राणी घरात आला, घरातून पलंगावर चढला, आणि आज इकडच्या शाळेत 'माझे कुटुंब' असे चित्र काढायला सांगितले की मुले चौथ्या-पाचव्या माणसाच्या जागी शेपूट काढतात. वडिलांना जे फॅड वाटत होते, ते सईला जन्मापासूनचे घर होते.

त्यांनी मध्येच आपल्या लहानपणची पोटातली चौदा इंजेक्शनेही काढली, म्हणून सांगते: कुत्र्याची धास्ती या देशालाही परकी नव्हती. माझ्या कार्यालयापासून फार लांब नसलेल्या नेवार्कमध्ये 1885 च्या डिसेंबरात कुत्रा चावलेल्या चार मुलांना लोकांनी वर्गणी काढून थेट पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे पाठवले होते. रेबीजची नवी लस तेव्हा तिथेच मिळत होती.

सईला मी पहिल्यांदा एकटीला भेटले, तेव्हा तिने प्रत्येक प्रश्नाला "ठीक" एवढेच उत्तर दिले. प्रिय वस्तू जाणार याची चाहूल लागलेली मुले कधी कधी आधीच मन काढून घेतात, हे माझ्या अभ्यासातले. आणि तसेच घडत आहे असे मी टिपणात लिहूनही ठेवले. ते साफ चुकले होते, हे पुढच्याच भेटीत कळले.

त्या भेटीला मी खारीलाही बोलावले होते. कुत्रा सोबत ठेवून मुलांना बोलते करण्याची रीत या क्षेत्रात न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्यामुळे आली. त्यांचा कुत्रा जिंगल्स एके दिवशी योगायोगाने खोलीत असताना एक अबोल मुलगा आपणहून त्याच्याशी खेळू लागला; त्यावरून त्यांनी केलेली मांडणी काही व्यवसायबंधूंनी हसण्यावारी नेली, तरी 1962 मध्ये त्यांनी कुत्र्याला 'सहउपचारक' म्हणणारा लेख प्रसिद्ध केला. माझ्याकडे मात्र खारी खेळली नाही. ती दमून गालिच्यावर पडून राहिली. सईने तिला दोनदा उचलून पाहिले, बाजारात भाजीची पिशवी हातात तोलून पाहावी तसे.

"काय बघतेस गं?"

"किती झाली ते."

मग सगळे बाहेर आले. आईवडिलांचे रात्रीचे बोलणे तिने पाच आठवड्यांपूर्वीच ऐकले होते. शाळेच्या लॅपटॉपवर तिने विमान कंपनीचा नियम शोधला होता: आसनाखाली ठेवायच्या पिशवीतून कुत्रा नेता येतो, पण पिशवीसकट वजन आठ किलोच्या आत हवे. खारी अकरा किलोंची होती. म्हणून सई तिला रोज अर्धाच वाटा घालत होती, आणि खारी अर्धपोटी असताना आपण पोटभर जेवणे बरोबर नाही म्हणून शाळेच्या डब्यातला अर्धा डबा टाकूनही देत होती. खारी आता साडेनऊवर आली होती. "अजून थोडंच राहिलंय," ती म्हणाली.

खारीच्या हृदयाच्या दुखण्यामुळे हे लगेच थांबवणे भाग होते. सईच्या संमतीने मी त्याच दिवशी आईवडिलांना आत बोलावले आणि आधीच एकच अट घातली की तिला कोणी रागवायचे नाही. वडील ऐकून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी स्वतः सईला समजावले की खारी आठ किलोंची झाली असती तरी विमानात नेणे तिच्या जिवाला धोक्याचेच होते. हे तिने तज्ज्ञाच्या तोंडून ऐकणे फार आवश्यक होते, नाहीतर 'मी आणखी थोडे कमी वाढले असते तर' हा हिशेब तिने जन्मभर मांडला असता.

कुत्री किती दिवसांत विसरली जाते, हा प्रश्न इथेच निकालात निघतो. मुलाला कळलेले नाही असे आपण धरून चालतो, तेव्हा बहुधा त्याला अर्धे कळलेले असते, आणि उरलेले अर्धे ते एकट्याने, आपल्या वयाच्या बुद्धीने सोडवत बसते.

तरी वडिलांनी विचारले, "सांगितलं काय, नाही सांगितलं काय, ती दुरावणारच ना?" उत्तरादाखल मी दोन प्रसंग सांगितले. 1942 मध्ये अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडायला लावून छावण्यांत धाडले, तेव्हाच्या सूचनांमध्ये कोणताही पाळीव प्राणी नेता येणार नाही असे कलम होते, आणि असंख्य मुलांना आपले कुत्रे-मांजर मागे टाकावे लागले. 2005 मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसाने त्याचा कुत्रा काढून घेतला आणि मुलगा 'स्नोबॉल, स्नोबॉल' असा टाहो फोडत उलटी होईपर्यंत रडला, ही बातमी देशभर गेली. जनावर सोडून निघायला नकार देणारी माणसेही त्या वादळात पुष्कळ दिसली, आणि आपत्कालीन योजनांत पाळीव प्राण्यांचीही सोय धरावी असा कायदा 2006 मध्ये झाला. या हालअपेष्टांशी एका कुटुंबाच्या परतीची बरोबरी होत नाही, हे मीही जाणते. मला एवढेच दाखवायचे होते की दुरावणे वेगळे आणि हिसकावले जाणे वेगळे. सईच्या माघारी खारीला गाडीत घालून नेणे, कितीही मायेने केले तरी, दुसऱ्या प्रकारात मोडले असते.

सईला मी तिसरीच गोष्ट सांगितली. अब्राहम लिंकन 1861 मध्ये राष्ट्राध्यक्ष होऊन स्प्रिंगफील्डहून वॉशिंग्टनला निघाले, तेव्हा विली आणि टॅड या मुलांचा लाडका पिवळसर कुत्रा फिडो मागे राहिला. गर्दीगोंगाटाला घाबरणाऱ्या फिडोला तो प्रवास सोसवणार नाही असे लिंकन यांना वाटले. त्यांनी त्याला ओळखीच्या रोल कुटुंबाकडे ठेवले, ज्यांच्या घरीही दोन मुलगे होते. चिखलाचे पाय घेऊन आत आला तरी रागवू नये, मागच्या अंगणात एकटा बांधून ठेवू नये, दार खरवडले की आत घ्यावे, अशा सूचना दिल्या गेल्या आणि त्याचा आवडता सोफाही सोबत दिला गेला, असे रोल कुटुंबाच्या आठवणींतून सांगितले जाते. सईने सगळे ऐकून घेतले आणि लगेच कागद मागितला.

पेनसिल्व्हेनियाचा बेत रद्द झाला. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एक निवृत्त ग्रंथपालबाई खारीला घ्यायला तयार झाल्या. त्या घरी ती आधी दोन रात्री राहिली, मग चार, आणि दर वेळी पोचवायला सईच गेली. सईच्या यादीत गोळ्यांच्या वेळा होत्या, विजा चमकल्या की खारी कोणत्या कोपऱ्यात बसते ते होते, आणि 'सिट' म्हटले तर ती बसत नाही, 'बस' म्हणावे लागते, हेही होते. सोफ्याऐवजी आजीने शिवलेली जुन्या साड्यांची गोधडी गेली. यादीत शेवटची सूचना होती: झोपताना तिला 'शहाणी माझी' म्हणावे.

पुण्यात गेल्यावर सई पहिले तीन आठवडे नीट झोपली नाही. रडण्याला घाबरू नका, पण झोप, जेवण आणि शाळा या तिन्हींची घडी कित्येक आठवडे बसलीच नाही तर मला किंवा तिथल्या समुपदेशकाला कळवा, एवढेच मी सांगून ठेवले होते. वडिलांना अपराधी वाटून लगेच नवे पिल्लू आणायचे होते; ते मी थांबवले, कारण ते पिल्लू सईसाठी नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या समाधानासाठी आले असते. महिन्याभरात घडी बसली. डबा रिकामा येऊ लागला, असे आईने कळवले.

पुढच्या वसंतात खारीचे दुखणे बळावले आणि पशुवैद्यांनी इंजेक्शन देऊन तिला वेदनांतून सोडवले. बाईंनी आईवडिलांना कळवले आणि त्यांनी सईला त्याच संध्याकाळी सांगितले. इंग्रजीत अशा वेळी 'झोपवले' म्हणतात, आणि ते ऐकून लहान मुले पुढे कधी कधी झोपायलाच घाबरतात. म्हणून मी बजावल्याप्रमाणे त्यांनी 'खारी मेली' असेच शब्द वापरले. आईला ते उच्चारणे फार जड गेले.

सईने बाईंना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि एकच विचारले: शेवटचे वाक्य रोज म्हणत होतात ना? बाईंनी ते म्हणून दाखवले, "शानी माजी." मग संकोचून त्या म्हणाल्या की उच्चार बरोबर आहे की नाही, कोण जाणे.

"बरोबर आहे," सई म्हणाली. "आजीपण तसंच म्हणते."