रहस्यनाट्याविना झालेले रहस्यभोजन: हॉटेलकडून किती रक्कम मागता येईल?

आपले प्रकरण थोडक्यात असे आहे. पुण्याच्या महाविद्यालयातील बारा जुन्या मित्रमैत्रिणींसाठी आपण यॉर्कशायरमधील एका ऐतिहासिक कंट्री हाउस हॉटेलात 'मर्डर मिस्टरी डिनर'ची, म्हणजे जेवताना नटमंडळींनी खुनाचे रहस्यनाट्य सादर करण्याची, संध्याकाळ ठरवली. दहा जणांसाठी मुक्काम, जेवण आणि नाट्य मिळून माणशी १८५ पौंड आणि जवळच राहणाऱ्या दोघांसाठी मुक्कामाविना माणशी ७५ पौंड, असे एकूण २,००० पौंड झाले. त्यांपैकी ४०० पौंड आपण क्रेडिट कार्डावर आगाऊ भरले आणि उरलेली रक्कम बँकेतून पाठवली. नऊ दिवस आधी हॉटेलने ई-मेलने कळवले की नटमंडळी येणार नाहीत, त्याऐवजी पियानोवादन होईल. त्यावर आपण 'ओके, थँक्स' एवढेच उत्तर दिले. सर्वजण गेले, जेवले, राहिले आणि परतले. सात आठवड्यांनी आपण तक्रार केली, तेव्हा 'मनोरंजनाचा कार्यक्रम पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा अधिकार राखून ठेवला आहे' या अटीवर बोट ठेवून हॉटेलने खोलीमागे २० पौंडांचे व्हाउचर देऊ केले. आपल्याला पूर्ण रक्कम परत हवी आहे. नाताळच्या मेजवान्या आणि संमेलने आटोपली की अशाच आशयाची पत्रे येतात. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

पूर्ण रक्कम मिळणार नाही. ज्या खोल्यांत आपण झोपलात आणि जे जेवण आपण नावे न ठेवता जेवलात, त्यांचे पैसे कोणतेही न्यायालय परत देववणार नाही. मात्र नाट्याच्या वाट्याची रक्कम मागण्याचा आपला पाया, मला वाटते, आपण समजता त्याहून भक्कम आहे. तो पाया एकाच प्रश्नावर उभा आहे: दहा जणांसाठी आपण जे विकत घेतले, ते कायद्याच्या दृष्टीने 'पॅकेज' होते काय?

पॅकेज म्हटले की विमान आणि समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो, आणि म्हणूनच इंग्लंडच्या इंग्लंडमध्ये एका रात्रीसाठी गेलेले लोक हा कायदा उघडूनच पाहत नाहीत. १ जुलै २०१८ पासून लागू असलेल्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांत प्रवासाचे अंतर कोठेही विचारलेले नाही. मुक्काम आणि त्याचा अंगभूत भाग नसलेली दुसरी एखादी पर्यटनसेवा एकाच सहलीसाठी एकत्र विकली गेली, आणि त्यात एका रात्रीचा जरी मुक्काम असला, तरी ते पॅकेज ठरू शकते. त्यासाठी दोहोंपैकी एक गोष्ट दाखवावी लागते: त्या दुसऱ्या सेवेचा एकूण मूल्यातील वाटा लक्षणीय आहे, किंवा ती सेवा त्या योजनेचे मुख्य वैशिष्ट्य म्हणून जाहीर केलेली होती. रात्रीचे जेवण मुक्कामाचाच भाग मानले जाण्याची शक्यता अधिक असल्याने त्यावर विसंबू नये. नाट्यप्रयोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्या युरोपीय निर्देशावरून हे नियम आले, त्याच्या प्रस्तावनेत पंचवीस टक्के वा अधिक वाटा लक्षणीय धरावा असे म्हटले आहे. आपणच लिहिता की त्याच हॉटेलात एरवी शनिवारी दोघांसाठी जेवणासह खोली २६० पौंडांना, म्हणजे माणशी १३० पौंडांना मिळते. १८५ मधून १३० वजा केल्यास ५५ पौंड उरतात, आणि ते १८५ च्या सुमारे तीस टक्के होतात. शिवाय आपण पाठवलेल्या पावतीच्या पहिल्याच ओळीत 'मर्डर मिस्टरी वीकेंड' असे छापलेले आहे. पॅकेज नव्हते हे सिद्ध करणे हॉटेलला जड जाईल.

एकदा ते पॅकेज ठरले की ज्या अटीने आपण इतके दबून गेलात, तिचे बळ बरेचसे संपते. नियम क्रमांक ११ प्रमाणे, करारात अधिकार राखून ठेवला असला तरी तो केवळ किरकोळ बदलांपुरताच चालतो. मुख्य वैशिष्ट्यात मोठा बदल करायचा असेल तर आयोजकाने, म्हणजे येथे हॉटेलने, बदल काय आहे, किमतीवर त्याचा काय परिणाम होतो, किती मुदतीत उत्तर द्यायचे आणि उत्तर न दिल्यास काय होईल हे स्पष्टपणे कळवावे लागते, आणि ग्राहकाला शुल्काविना करार मोडण्याची संधी द्यावी लागते. नटमंडळी बाहेरची होती, हा बचावही टिकणारा नाही, कारण पॅकेजमधील सेवा प्रत्यक्षात कोणीही देवो, ती नीट मिळाली नाही तर जबाबदारी आयोजकाचीच असते.

आता आपल्या त्या दोन शब्दांकडे येतो. बारा जणांचे पैसे गुंतलेले असताना, ज्या एका गोष्टीसाठी सगळे जमणार होते तीच रद्द झाल्याचे पत्र वाचून, कोणालाही न विचारता 'ओके, थँक्स' लिहून पाठवणे हा निष्काळजीपणा होता, आणि तो मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. त्या दिवशी आपण नकार कळवला असता तर हा वाद पूर्ण रकमेचा झाला असता आणि करार संपल्यापासून चौदा दिवसांत ती परत करणे हॉटेलवर बंधनकारक ठरले असते. तो मार्ग आता बंद आहे. पण त्याच नियमात पुढे असे आहे की बदललेले पॅकेज आधीपेक्षा कमी दर्जाचे वा कमी खर्चाचे असेल, तर ग्राहकाला किमतीत योग्य ती कपात मिळण्याचा हक्क राहतो. म्हणजे बदल स्वीकारल्याने करार मोडण्याचा हक्क गेला, कपातीचा गेला नाही. हॉटेलच्या ई-मेलमध्ये किमतीचा उल्लेखच नाही, मुदत नाही आणि पर्यायही नाही. त्यामुळे आपले उत्तर पूर्ण किमतीला दिलेली संमती होती असे म्हणणे त्यांना कठीण जावे. उशिरा केलेल्या तक्रारीबद्दल ते नक्की बोलतील, कारण उणीव विनाविलंब कळवण्याचे कर्तव्य ग्राहकावर आहे. परंतु नाट्य होणार नाही हे त्यांनीच आपल्याला कळवले होते, तेव्हा या आक्षेपाला मी फार वजन देत नाही.

रक्कम किती? दहा जणांचे ५५ प्रमाणे ५५० पौंड हा हिशेब सरळ आहे, आणि पियानोवादनाचे मूल्य म्हणून त्यातून थोडे कमी होऊ शकते. त्याउपर मनस्तापाची भरपाई मागता येईल काय, याचे उत्तर पन्नास वर्षांहून जुन्या एका निकालात आहे. 'जार्व्हिस विरुद्ध स्वान्स टूर्स' या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालातील श्री. जार्व्हिस ६३.४५ पौंड भरून स्वित्झर्लंडला नाताळच्या सुटीसाठी गेले होते, कारण माहितीपत्रकात 'हाउस पार्टी'चे आश्वासन होते. पहिल्या आठवड्यात तेथे तेरा पाहुणे होते आणि दुसऱ्या आठवड्यात ते एकटेच उरले. लोकगीतांची संध्याकाळ म्हणून कामाच्या कपड्यांतील एक स्थानिक माणूस चार-पाच गाणी घाईने गाऊन निघून गेला. खालच्या न्यायालयाने ३१.७२ पौंड दिले, अपील न्यायालयाने १२५ केले, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. आनंदासाठी केलेल्या करारात आनंदच मिळाला नाही तर त्याचीही भरपाई होते, हे तत्त्व तेथे मान्य झाले. एका संध्याकाळसाठी इतका मोठा आकडा मिळेल असे मी म्हणत नाही. माफक रक्कम जरूर मागावी.

मुक्कामाविना आलेल्या दोघांचे पॅकेज होत नाही. त्यांच्यासाठी २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे, ज्यानुसार विक्रेत्याने सेवेबद्दल जे सांगितले आणि ज्यावर विसंबून ग्राहकाने निर्णय घेतला, तो कराराचाच भाग ठरतो, आणि त्यांनाही कपात मागता येते. नाट्याच्या संध्याकाळसाठी भाड्याने आणलेल्या १९२० च्या दशकातील पोशाखांचा खर्च हॉटेलचा ई-मेल येण्यापूर्वी झाला असेल आणि पावत्या असतील तरच मागावा.

क्रेडिट कार्डाचा मार्ग विसरू नये. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ खाली, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तू वा सेवेबाबत क्रेडिट कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, आणि त्यासाठी काही रक्कम जरी कार्डावर भरलेली असली तरी पुरते. १८५ पौंडांची जागा या मर्यादेत बसते, ७५ पौंडांची बहुधा नाही. मित्रांनी आपापला वाटा आपल्याला दिला असल्याने 'हे नुकसान कार्डधारकाचे नाही' असे बँक म्हणू शकेल, आणि तो वाद कोणत्या बाजूला जाईल हे करार कोणाच्या नावावर होता ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

न्यायालय हा शेवटचा उपाय ठेवावा. १०,००० पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी लघुवाद प्रक्रिया आहे आणि मे २०२४ पासून अशा दाव्यांत दूरध्वनीवरील मोफत मध्यस्थी सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण मध्यस्थी फसली तर सुनावणीसाठी सुमारे वर्षभर थांबावे लागते. सहाशे पौंडांच्या साध्या वादासाठी सामान्य माणसाला इतके ताटकळत ठेवणे मला अन्यायाचे वाटते, आणि हॉटेले व्हाउचरची भाषा बोलू शकतात ती याच दिरंगाईच्या भरवशावर. वकिलाचे शुल्क या प्रक्रियेत सहसा परत मिळत नाही, म्हणून वकील न नेमता दावा लावणेच आपल्या हिताचे आहे.

आपण जाहिरातीचे पान जपून ठेवले नाही आणि हॉटेलने ते आता बदलले आहे, ही मला सर्वाधिक खटकणारी बाब आहे. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात त्याचे छायाचित्र कोणी टाकले होते का ते आजच पाहा, आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पानाची जुनी प्रत शोधा. ती मिळाल्यावर व्हाउचर लेखी नाकारा आणि पॅकेज नियमांचा नामनिर्देश करून, माणशी ५५ आणि मुक्कामाविना आलेल्यांसाठी नेहमीच्या जेवणाचा दर वजा जाता उरणारी रक्कम चौदा दिवसांत देण्याची मागणी हॉटेलला पाठवा. बँकेला त्याच दिवशी कलम ७५ खाली वेगळे पत्र द्या. करारभंगाच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत आहे, परंतु हॉटेलची मालकी बदलली वा कंपनी बुडाली तर त्या मुदतीचा उपयोग राहणार नाही, म्हणून ही दोन्ही पत्रे याच आठवड्यात जावीत.