हत्तरसंग कुडलच्या (जि. सोलापूर) छायाचित्रणाच्या सायंफेरीला प्रथमच येणाऱ्यास

सूर्य भीमा-सीनेच्या संगमावर कलू लागला की नवे सभासद नदीकडेच धावतात. तुम्ही मात्र आधी संगमेश्वर मंदिरात शिरावे, कारण तेथील अंधार वाढत जातो आणि शके ९४० चा मराठी शिलालेख तिरप्या उजेडाविना वाचता येईल असा टिपता येत नाही. फ्लॅश समोरून मारल्यास अक्षरांच्या खाचा सपाट होतात, म्हणून सोबत्याला विजेरी दगडालगत आडवी धरायला सांगावी, कॅमेरा तिपाईवर ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ते २०० वर राखावा आणि शटर दोन-तीन सेकंद उघडे राहू द्यावे. (माझी पहिली सगळी छायाचित्रे हातथरथरीने वाया गेली होती.) शिल्पांना टेकू नये. संगमावर सूर्यास्तानंतर पोहोचलात तरी चालेल. निळसर उजेड तेव्हाच पाण्यावर उतरतो.